एकवीस हजार सह्या



आज आपल्याला जरा लांब जायचं आहे. सातासमुद्रापार म्हणतात ना, अगदी तसं. पॅसिफिक महासागराच्या मधोमध बेटांची एक रांग आहे. तिचं नाव हवाई. विमानाच्या हवाईशी त्याचा काही संबंध नाही बरं का, तिथल्या लोकांनी आपल्या मुलखाला दिलेलं ते नाव आहे. अमेरिकेचा किनारा तिथून सुमारे ३८०० किलोमीटर दूर. आज हवाई हे अमेरिकेचं एक राज्य आहे. पण १८९३ सालापर्यंत तो स्वतंत्र देश होता. राजा होता, विधिमंडळ होतं, लोकांच्या स्वतःच्या भाषेत निघणारी वर्तमानपत्रं होती. इंग्लंड आणि फ्रान्सने १८४३ मध्ये 'हा स्वतंत्र देश आहे' असं लिहून दिलं होतं. अमेरिकेनेही त्याच्याशी तह केले होते.

या देशाचा राजा कालाकाउआ १८८१ साली जगाच्या सफरीला निघाला, तेव्हा तो कलकत्त्याहून रेल्वेने आपल्या मुंबईला आला होता आणि तिथून बोटीने पुढे गेला. गंमत बघा, त्या वेळी आपल्या डोक्यावर इंग्रज बसलेला, आणि आपल्या बंदरातून जाणारा हा पाहुणा स्वतंत्र देशाचा राजा. पुढच्या बाराच वर्षांत त्याचा देशही गेला. तो कसा गेला, आणि जाताना तिथल्या बायकांनी काय केलं, ते आज सांगणार आहे.

सुरुवात जमिनीपासून करू, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

हवाईच्या लोकांचं मुख्य अन्न अळू. आपण पानांच्या वड्या करतो, फदफदं करतो. त्यांचा सगळा भर खालच्या कांद्यावर. तो शिजवायचा, कुटायचा, पाणी घालून लापशीसारखा सरसरीत करायचा, त्याला ते पोई म्हणतात. अळूला ते आपला थोरला भाऊ मानतात, तशी त्यांची कथाच आहे. भाताच्या खाचरासारखी अळूची खाचरं असत. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी पाटाने खाचरात फिरवायचं आणि उरलेलं पुन्हा ओढ्यात सोडायचं. जमीन कुणा एकाच्या नावावर नसे. राजा आणि सरदार ती वाटून देत, खालची माणसं कसत. त्यात वेठ होती, सरदारांचा जाच होता, रामराज्य मुळीच नव्हतं. पण जमीन ही विकायची वस्तू नव्हती.

१७७८ साली कॅप्टन कुकचं इंग्रज जहाज तिथे पोचलं आणि त्यामागून रोग आले. देवी, गोवर, गुप्तरोग. काही लाखांची वस्ती १८९० पर्यंत ४० हजारांवर आली. घरं रिकामी, वाड्या ओस. असं घर खिळखिळं झालेलं असताना १८४८ मध्ये राजाने, बाहेरून आलेल्या सल्लागारांचं ऐकून, जमिनीची वाटणी केली. या सल्लागारांत अमेरिकेतून आलेले मिशनरी होते, वकील होते. काही जमीन राजाची, काही सरकारची, काही सरदारांची. कसणाऱ्यालाही आपला तुकडा नावावर करून घेता येईल असं ठरलं. मात्र त्यासाठी अर्ज हवा, साक्षीदार हवेत, मोजणी हवी, आणि हे सगळं मुदतीत. ज्या माणसाने जन्मात कागदावर जमीन पाहिली नाही, त्याने हे करायचं! शेवटी कसणाऱ्यांच्या नावावर एकूण जमिनीच्या शंभरातला एक भागही लागला नाही. आणि १८५० मध्येच दुसरा कायदा आला. परदेशी माणसाला जमीन विकत घेता येईल. वारसाची नोंद लावायला तलाठ्याकडे ज्यांनी चपला झिजवल्या आहेत, त्यांना यातली मेख वेगळी समजावून सांगायला नको.

जमीन कुणी घेतली? मिशनऱ्यांच्या मुलांनी, नातेवाइकांनी, व्यापाऱ्यांनी. आणि लावलं काय? ऊस.

ऊस म्हणजे काय हे मी तुम्हाला काय सांगणार. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हवाईच्या साखरेला गिऱ्हाईक एकच, अमेरिका. १८७५ साली दोन्ही देशांत करार झाला, की हवाईची साखर अमेरिकेत विनाजकात जाईल. मग काय, पंधरा वर्षांत साखर सुमारे दहापट झाली. डोंगराच्या ओल्या अंगाचं पाणी मोठमोठे कालवे खोदून कोरड्या अंगाच्या उसाला नेलं, तेव्हा खाली अळूची खाचरं सुकली. तोडणीला माणसं कमी पडली म्हणून चीनमधून, जपानमधून, पोर्तुगालच्या बेटांवरून मजूर आणले. ते कराराने बांधलेले. मुदत संपायच्या आत मळा सोडून पळाला तर तुरुंग. जपानी मजुरांच्या गळ्यात धातूचा बिल्ला असे, त्यावर नंबर. मुकादम आणि दुकानदार त्याला नंबरानेच ओळखत. आपल्याकडे उचल घेऊन कोयता हातात घेणाऱ्या जोडीची हकिकत तुम्ही ऐकलीच असेल, कुणी भोगलीही असेल.

हा करार पुढे वाढवायची वेळ आली तेव्हा अमेरिकेने बदल्यात पर्ल हार्बर हे बंदर आपल्या आरमारासाठी मागून घेतलं. आणि त्याच वर्षी, १८८७ च्या जुलैत, मळेवाल्यांच्या गटाने बंदुका घेऊन राजाला नव्या घटनेवर सही करायला लावली. लोक तिला संगिनीची घटना म्हणतात. तिच्याने राजाच्या हातात नावापुरतं राज्य उरलं. वरच्या सभागृहासाठी मत द्यायचं तर ३ हजार डॉलरची मालमत्ता किंवा वर्षाला ६०० डॉलरचं उत्पन्न हवं. देशी माणसं बहुतेक त्यात बसेनात. चिनी-जपानी मजुरांना तर मतच नाही. आणि हवाईचा नागरिक नसलेल्या अमेरिकन-युरोपीय रहिवाशाला मात्र मत आहे! बायकांचा प्रश्नच नव्हता, त्यांना मत तेव्हा अमेरिकेतही बहुतेक ठिकाणी नव्हतं.

१८९१ मध्ये कालाकाउआ वारला आणि त्याची बहीण लिलिउओकालानी गादीवर आली. वय ५२. शिकलेली, देशोदेशी फिरलेली, गाणी रचणारी बाई. तिचं 'आलोहा ओए' हे गाणं जगभर गेलं. गादीवर आली आणि नेमका त्याच वेळी साखरेचा भाव कोसळला, कारण अमेरिकेने कायदा बदलला. आता सगळ्याच देशांची कच्ची साखर विनाजकात, आणि वर अमेरिकेतल्या उत्पादकाला पौंडामागे २ सेंट अनुदान. हवाईच्या मळेवाल्यांची सवलत एका रात्रीत बिनकामाची झाली. त्यांनी हिशेब मांडला. हवाईच अमेरिकेत सामील झाली, तर आपण 'अमेरिकेतले उत्पादक' होऊ. एका पिकावर आणि एका गिऱ्हाइकावर उभा असलेला व्यापार कुठवर जातो, ते इथे दिसतं. कारण साखरेचा होता, हे माझं मत. राणीच्या स्वभावावर, तिच्या हट्टावर खापर फोडणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. मला ती पटत नाहीत.

लोकांचे अर्ज येत होते, आम्हाला मत परत द्या. राणीने १४ जानेवारी १८९३ ला नवी घटना आणायचं ठरवलं. तिच्याच मंत्र्यांनी पाय मागे घेतले. तेवढं निमित्त पुरलं. तेरा जणांनी एक समिती केली, बहुतेक अमेरिकन वंशाचे, पुढारी लॉरिन थर्स्टन नावाचा मिशनऱ्याचा नातू. त्यांनी अमेरिकेचा वकील स्टीव्हन्स याच्याकडे धाव घेतली. १६ तारखेला बंदरात उभ्या असलेल्या 'बोस्टन' या युद्धनौकेवरून १६२ शिपाई तोफांसह उतरले आणि राजवाड्याजवळ येऊन ठाण मांडून बसले. दुसऱ्या दिवशी समितीने जाहीर केलं, राज्य संपलं. स्टीव्हन्सने लगेच मान्यता दिली.

राणीने रक्त सांडू दिलं नाही. पण तिने कागद फार विचार करून लिहिला. मी या समितीपुढे नाही, अमेरिकेच्या बळापुढे हटते आहे, आणि अमेरिकेचं सरकार खरंखोटं तपासून मला राज्य परत देईल तोवरच, असा त्याचा आशय. हे भोळेपण नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी, १८४३ मध्ये, एका इंग्रज कप्तानाने हवाई बळकावली होती, आणि इंग्लंडने पाच महिन्यांत ती परत केली होती. तिच्यासमोर तो दाखला होता.

तिचा अंदाज अर्धा खरा ठरला. अमेरिकेत नवा अध्यक्ष क्लीव्हलंड आला. त्याने चौकशीला माणूस पाठवला, अहवाल वाचला आणि डिसेंबर १८९३ मध्ये आपल्या संसदेला स्पष्ट कळवलं, की हे आपल्या हातून अन्यायाचं काम झालं आहे. पण नुसतं म्हणून काय होतं? समितीवाले जागचे हलले नाहीत. ४ जुलै १८९४ ला त्यांनी 'हवाईचं प्रजासत्ताक' काढलं आणि सॅनफोर्ड डोल या माणसाला अध्यक्ष केलं. प्रजेला न विचारता केलेलं प्रजासत्ताक!

१८९५ च्या जानेवारीत राणीच्या माणसांनी उठाव केला. तो फसला. राणीला धरलं आणि तिच्याच वाड्यात, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत कोंडलं. सही कर, नाहीतर तुझी माणसं मरतील, असं सांगून गादी सोडल्याच्या कागदावर सही घेतली. सुमारे आठ महिने ती त्या खोलीत होती. बाहेरची बातमी बंद. बागेतली फुलं मात्र येत, आणि ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली असत. फुलं बाजूला ठेवायची आणि कागद वाचायचा. त्या खोलीत बसून तिने आणि तिच्या सोबतिणीने एक गोधडी शिवली. रेशमाचे तुकडे, फिती, काठ, जे हाताशी आलं ते जोडून. मधल्या चौकटीत टाक्यांनी लिहून ठेवलं आहे, कोण कैदेत आहे, कुठे, कोणत्या दिवसापासून, सोबत कोण. हवाईचा झेंडाही भरला आहे. ती गोधडी आजही त्या वाड्यात काचेआड ठेवलेली आहे.

नव्या सरकारने १८९६ मध्ये शाळांचं शिक्षण इंग्रजीतूनच व्हावं असा कायदा केला. याचा परिणाम पुढे किती लांब गेला, ते शेवटी येईलच.

आता सह्यांचं.

१८९७ मध्ये अमेरिकेत मॅकिनली अध्यक्ष झाला. त्याने जूनमध्ये हवाईच्या विलीनीकरणाच्या तहावर सही केली. सही करणारे दोन्ही बाजूंचे लोक विलीनीकरण हवं म्हणणारेच. राणी सुटून तेव्हा वॉशिंग्टनमध्ये होती, तिने दुसऱ्याच दिवशी निषेधाचा कागद दिला. पण तह पक्का व्हायला अमेरिकेच्या सिनेटमध्ये दोनतृतीयांश मतं लागतात. म्हणजे अजून वेळ होता.

हवाईत १८९३ पासून दोन संघटना होत्या, एक पुरुषांची, एक बायकांची. नाव 'हुई आलोहा आइना'. आइना म्हणजे जमीन, भूमी, जी खायला देते ती. आलोहा म्हणजे प्रेम. बायकांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या अबिगेल कुआइहेलानी कॅम्पबेल, आणि बरोबरीने काम करणाऱ्या एमा नावाही. या एमाबाईंचे पती देशासाठी तुरुंगात जाऊन आलेले, १८९६ मध्ये वारले. घरात बसून राहिल्या नाहीत, पतीबरोबर काढलेलं वर्तमानपत्र पुढे चालवलं आणि सह्यांसाठी बेटाबेटांवर फिरल्या. हिलो गावात सभा भरली तेव्हा अमेरिकेहून आलेली एक बातमीदार, मिरियम मिशेलसन, तिथे हजर होती. तिने सगळं लिहून सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात छापलं. बाईने बाईची बातमी नेली.

काम कसं केलं ते बघा. मजकूर हवाईच्या भाषेत आणि इंग्रजीत, दोन्ही शेजारीशेजारी छापला. बायकांचे कागद वेगळे, पुरुषांचे वेगळे. खाली रकाने, नाव आणि वय. लॉरा माहेलोना नावाच्या बाई मोठ्या बेटाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने बोटीने गेल्या. प्रत्येक बंदरावर उतरायचं, गावातल्या शाखेकडे कोरे कागद द्यायचे, समजावून सांगायचं आणि पुढे जायचं. परत येताना भरलेले कागद उचलायचे. एकट्या त्यांनी ४२१६ सह्या गोळा केल्या. मोबाईल नाही, मोटार नाही, आणि सरकार विरोधात.

आणि सह्या मिळाल्या कशा? लोकांना लिहिता येत होतं म्हणून. हवाईची भाषा लिहायला-छापायला शिकवली ती त्याच मिशनऱ्यांनी, १८२० नंतर. लोकांनी अक्षर असं उचललं की थोड्या वर्षांत बहुतेक सगळे वाचू लागले. आजोबांनी बायबल वाचायला अक्षरं शिकवली, नातवांनी राज्य घेतलं, आणि त्याच अक्षरांनी लोकांनी नातवांविरुद्ध सही केली. त्यातल्या ज्या बायकांना मत कधीच नव्हतं, त्यांची नावं पुरुषांच्या बरोबरीने त्या कागदांवर आहेत.

दीड-दोन महिन्यांत २१,२६९ सह्या झाल्या. पानं ५५६. देशी वस्ती म्हातारीकोतारी, लेकरंबाळं धरून ४० हजारांच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त.

चार माणसं हे कागद घेऊन डिसेंबर १८९७ मध्ये वॉशिंग्टनला गेली, राणीला भेटली, मग एकेका सिनेटरच्या दारी. होर नावाच्या म्हाताऱ्या सिनेटरने ते सिनेटपुढे मांडले. फेब्रुवारी संपता संपता तहाच्या बाजूने ४६ जण उरले होते. दोनतृतीयांश होत नव्हते. तह पडला. जगातल्या एका थोराड देशाला चिमुकल्या बेटांनी कागदावर अडवलं. मला तरी इथे थांबावंसं वाटतं, पण गोष्ट थांबत नाही.

त्याच फेब्रुवारीत, १५ तारखेला, क्यूबाच्या हवाना बंदरात 'मेन' ही अमेरिकेची युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. क्यूबा स्पेनच्या ताब्यात. अमेरिकेत आरडाओरडा झाला आणि एप्रिलमध्ये स्पेनशी युद्ध. पहिली मोठी लढाई झाली ती क्यूबात नाही, पार फिलिपिन्समध्ये, मनिलाच्या खाडीत, १ मे ला. मनिलाला शिपाई पाठवायचे तर वाटेत कोळसा घ्यायला ठिकाण हवं. ते हवाई. मग तहाचा नाद सोडून दिला आणि साधा ठराव आणला. ठरावाला साधं बहुमत पुरतं. समोरचं दार बायकांनी लावून घेतलं, तर मागच्या दाराने आत आले. ७ जुलै १८९८ ला मॅकिनलीने सही केली. १२ ऑगस्टला राजवाड्यावरून हवाईचा झेंडा उतरवला. त्या समारंभाला राणी गेली नाही आणि बहुतेक देशी लोकही घरातच बसले. राजाची आणि सरकारची मिळून सुमारे १८ लाख एकर जमीन अमेरिकेच्या नावावर झाली.

त्या वर्षाच्या शेवटी स्पेनशी तह झाला. पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेला, आणि फिलिपिन्सचे २ कोटी डॉलर मोजले. फिलिपिन्सच्या लोकांनी जूनमध्येच आपलं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनी अमेरिकेशी तीन वर्षं लढाई दिली. लढाईत, उपासमारीत आणि पटकीसारख्या रोगांत सुमारे २ लाख सामान्य माणसं गेली. स्वतः इंग्रजांशी लढून मोकळा झालेला देश हा! क्यूबाला नावाचं स्वातंत्र्य दिलं, पण हवं तेव्हा सैन्य उतरवायचा हक्क राखून. आणि १९०० पासून पोर्तो रिकोची, १९०६ पासून फिलिपिन्सची माणसं जहाजं भरभरून कुठे गेली असतील? हवाईच्या उसात, तोडणीला.

राणी आपल्या जमिनीसाठी अमेरिकेच्या न्यायालयातही गेली. १९१० मध्ये हरली. १९१७ मध्ये वारली.

आणि ते कागद? ते वॉशिंग्टनच्या सरकारी दफ्तरखान्यात पडून राहिले. हवाईत मुलं शाळेत शिकली ती इंग्रजीतून, आजीची भाषा घरातच मेली, जुनी वर्तमानपत्रं वाचणारं कुणी उरलं नाही. पुस्तकांत आलं, की लोकांनी काही विरोध केला नाही. लोकांनाही तेच खरं वाटू लागलं. १९९३ मध्ये, शंभर वर्षांनी, अमेरिकेच्या संसदेने ठराव करून हवाईच्या लोकांची माफी मागितली. जमीन परत दिली नाही. त्यानंतर, १९९६ साली, नोएनोए सिल्वा नावाच्या अभ्यासक बाईंनी, ज्यांनी हवाईची भाषा मेहनतीने शिकून घेतली होती, ती ५५६ पानं दफ्तरखान्यात शोधून काढली.

१९९८ मध्ये त्या पानांचं होनोलुलूमध्ये प्रदर्शन झालं. लोक घरच्यांना घेऊन आले आणि रकान्यांवरून बोट फिरवत आपल्या पणजीचं नाव शोधू लागले. नाव सापडलं, की शेजारच्या रकान्यात तिचं वय होतं.